गुरूची आज्ञा आणि शिष्याची झोळी

आषाढ शुद्ध पौर्णिमा ही व्यासांची पौर्णिमा. आज घरोघरी गुरुचरित्राच्या पोथीपुढे समई तेवेल, दत्ताच्या देवळात आरतीला गर्दी होईल आणि ज्याला ज्याला गुरुस्थानी मानले त्याच्या पायांवर आपण मस्तक ठेवू. या दिवशी गुरूंचे माहात्म्य आपण मोठ्या भक्तिभावाने गातो. त्या मानाने शिष्याचा विचार आपल्याकडून कमीच होतो. वस्तुतः गुरू केवढा थोर होता हे जगाला कळते ते शिष्याच्या वागणुकीवरून. जनार्दनस्वामींचे नाव देवगिरीच्या तटाबाहेर सर्वदूर पोहोचले ते एकनाथांमुळे. आणि नाथांची थोरवी तरी लोकांनी कशावरून ओळखली? भागवतावरील त्यांची टीका वाचू शकणारे थोडे. परंतु रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणारा नाथ अक्षरशत्रू कुणब्यालाही कळला.

अशा दिवशी आणि या पानावर येशू ख्रिस्ताच्या शिष्यांविषयी लिहिणे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य मनोरचे. पश्चिमेस पालघर आणि त्यापुढे बोईसर-तारापूरचे कारखाने, पूर्वेस विक्रमगड-जव्हारचे डोंगर, आणि मधून अहोरात्र धावणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, असे हे आमचे गाव. भोवतालच्या वारली पाड्यांवर अलीकडे काही झोपड्यांतून रविवारी प्रार्थना होते, टाळ्यांच्या ठेक्यावर येशूची गाणी म्हटली जातात. त्यावरून गावातील चहाच्या हॉटेलात आणि आरतीनंतर देवळाच्या ओट्यावर एकच प्रश्न पुनःपुन्हा निघतो, ‘हे लोक आमच्या माणसांना बाटवितात काय?’ कोणी तावातावाने होय म्हणतो, कोणी खांदे उडवितो. माझे म्हणणे एवढेच आहे की कोणत्याही शिष्याची परीक्षा करावयाची तर त्याच्या गुरूने त्याला काय आज्ञा दिली होती ती आधी पाहावी आणि मग त्या मापाने त्याला मोजावे. परक्याचे माप लावून निंदा करणे सोपे असते. स्वतःच्या गुरूच्या मापात उतरणे मात्र कोणत्याही धर्माच्या शिष्याला कठीणच जाते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात जुना शब्द ‘शुभवर्तमान’ आणि अलीकडचा ‘सुवार्ता’. दोन्हींचा अर्थ चांगली बातमी. ही बातमी घेऊन येशूने ज्या बारा शिष्यांना गावोगाव पाठविले, त्यांत चौघे तरी साधेसुधे लोक, समुद्रात जाळी टाकून पोट भरणारे कोळी; एक तर लोकांचा तिरस्कार ओढवून घेतलेला जकातीवरील माणूस. आमच्या सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावरील वाचकांना हे शिष्य ओळखीचे वाटावेत. त्यांना निघताना गुरूने ज्या सूचना दिल्या, त्या नव्या करारात आहेत आणि त्या मुळातून वाचण्यासारख्या आहेत. कमरेला सोने-नाणे बांधू नका. वाटेसाठी झोळी घेऊ नका, दुसरा अंगरखा घेऊ नका. ज्या घरी तुम्हाला ठेवून घेतील तेथेच राहा आणि ते जे वाढतील ते खा. रोग्यांना बरे करा. फुकट मिळाले आहे ते फुकट द्या. आणि एखाद्या गावाने तुमचे ऐकले नाही, तर पायांची धूळ झटकून पुढच्या गावाला लागा.

या सूचनांतील मर्म आपल्याकडील माणसाला चटकन उमगावे. ही तर माधुकरीच आहे! सुवार्ता सांगणारा हा दाता म्हणून दारात उभा नाही. तो त्या घरचा अतिथी आहे, त्या घरच्या भाकरीवर अवलंबून आहे. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही, त्याला कोणाला लालूच दाखविता येत नाही. ज्याच्या हाती शस्त्र नाही, त्याला धाक घालता येत नाही. ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याची संपूर्ण मोकळीक राहावी, अशीच ही योजना दिसते. आणि त्याने ‘नको’ म्हटल्यावर रागवायचे नाही, शाप देत बसायचे नाही, निघून जायचे. पुढे अखेरच्या रात्री भोजनाच्या वेळी याच गुरूने कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे असेच करा, असे बजाविले. पाय धुणे हे त्या देशी हलक्यातल्या हलक्या चाकराचे काम. आपल्याकडे आज शिष्य गुरूचे पाद्यपूजन करतील. तेथे गुरूने शिष्यांचे केले. विनोबांसारख्या वेदान्त्याला ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध करावेसे वाटले, त्यात आश्चर्य ते कोणते?

आता हे माप घेऊन आपल्याच भागाचा इतिहास पाहू. मनोरच्या जवळ अशेरीचा गड आहे. इ. स. १५५६ मध्ये अशेरी आणि मनोर ही ठाणी पोर्तुगीजांच्या हाती गेली. गडावर त्यांचे राजचिन्ह कोरलेला दगड आजही पाहावयास मिळतो. वसई प्रांतात ख्रिस्ताचे नाव प्रथम मोठ्या प्रमाणावर आले ते या सत्तेबरोबर. ज्या गुरूने झोळीसुद्धा घेऊ नका म्हणून सांगितले, त्याचे नाव तोफा आणि गलबते घेऊन आले. देवळे पडली, माणसे भ्यायली, काही सोयीसाठी वळली. तो इतिहास विसरावा असे कोणी म्हणणार नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा उत्तर कोकणाने सोडलेला सुटकेचा निःश्वास खराच होता.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. सत्ता गेली, राजाश्रय गेला, तरी वसईतील ख्रिस्ती घरे तशीच राहिली. पाठीशी कोणी फिरंगी नसताना, पेशव्यांच्या राज्यात त्यांनी आपला गुरू सोडला नाही. तेव्हापासूनचा त्यांचा धर्म धाकाचा होता असे म्हणता येणार नाही. त्याच वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर प्राणांस मुकला आणि १८६२ साली त्याला संतपद मिळाले. तो प्रथम व्यापारी होता आणि पुढे फ्रान्सिस्कन संघात गेला तो साधा बंधू म्हणून, पाद्री म्हणून नव्हे. आजची वसई पाहा. तेथील ख्रिस्ती बागाईतदारांच्या वाड्यांतील सोनचाफा आणि मोगरा भल्या पहाटे दादरच्या फूलबाजारात उतरतो आणि तेथून कोणत्या कोणत्या देवाच्या मस्तकी चढतो हे त्या सोनचाफ्यालाच ठाऊक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वर्षानुवर्षे ‘सुवार्ता’ मासिक चालविले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि त्याचबरोबर वसईची हिरवाई आणि पाणी वाचविण्यासाठी ‘हरित वसई’च्या लढ्यात ते उभे राहिले, त्या विहिरींचे पाणी हिंदूही पितात आणि ख्रिस्तीही. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा पाद्री म्हणून काहींनी विरोध केला; मराठी भाषेने मात्र त्यांना आपले मानले. २०२४ साली ते निवर्तले.

शिष्यत्व घरात कसे दिसते याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण मात्र वसईचे नाही. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे आहे. आमच्या पिढीने टिळकांच्या कविता शाळेत पाठ केल्या. ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी घरांतून आजही आवडीने वाचली जातात. १८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावकडे निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे निघाले ते संस्कृत काव्याविषयी. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि वाचण्याची विनंती केली. व्याख्यान नाही, वाद नाही, हिंदू देवतांची निंदा नाही. प्रवासातील दोन सुशिक्षितांचा संवाद आणि एक पुस्तक, इतकेच. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळले. पुढे दोन वर्षांचे मंथन झाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर जे घडले ते सुखाचे नव्हते आणि ते सुखाचे म्हणून रंगवू नये. एका चित्पावन घरातील स्त्रीचा नवरा तिला न सांगता धर्म बदलतो, तेव्हा तिच्यावर कोसळणारे आकाश केवढे असेल! लक्ष्मीबाईंनी ते स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि विशेष म्हणजे स्वतःवर हसत हसत लिहिले आहे. नातलगांच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. पुढे त्या नगरास आल्या तरी सोवळे सोडले नव्हते. आपली चूल, आपले पाणी, आपली भांडी त्यांनी निराळी ठेवली होती आणि टिळकांनी त्यांच्या सोवळ्याची व्यवस्था राखली. टिळक जात्या तापट; शीघ्रकोपी म्हणावे असे. असा माणूस घरात आपल्या पत्नीवर आपला नवा धर्म लादीत नाही, वाट पाहतो, हीच माझ्या मते त्यांच्या शिष्यत्वाची पहिली कसोटी. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली, आणि त्यांना वळविले ते एखाद्या पाद्र्याच्या युक्तिवादाने नाही. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांच्याच मनात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. सोवळे गळून पडले ते आतून.

या घराची दुसरी खूण मला अधिक मोलाची वाटते. बालकवी ठोंबरे हा कोवळा कवी नगरास टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली, टिळकांनी त्याच्या प्रतिभेला जपले. इतक्या निकट सहवासात, टिळकांसारख्या प्रभावी धर्मोपदेशकाच्या छायेत, बालकवी हिंदूच राहिले आणि त्यामुळे त्यांच्या ताटातली भाजी कमी झाली नाही. सुवार्ता सांगण्याची तळमळ ज्याच्या रक्तात होती, त्याने आपल्याच घरातील तरुणाला स्वतःच्या वाटेने जाऊ दिले.

टिळक म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या सेतूवरून. ते नुसते गोड बोलणे नव्हते. देवळातील टाळ-मृदंग आणि कीर्तन त्यांनी चर्चमध्ये नेले, अभंगाच्या चालीवर शेकडो भजने रचली; त्यापूर्वी तीनशे वर्षे फादर स्टीफन्सनी गोव्यात ओवीच्या वळणावर १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापविले होते, त्याच वाटेवरचे हे पाऊल. आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनचा पगार सोडून संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. पगारी उपदेशकाच्या शब्दाला वजन येत नाही, हे त्यांना बावीस वर्षांच्या अनुभवाने पटले होते. पुन्हा ती झोळीचीच गोष्ट. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण याहून अवघड आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्यास नेले. विधवांना आसरा आणि शिक्षण मिळेल, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी पाठिंबा दिला होता. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ख्रिस्ताकडे ओढल्या जाऊ लागल्या, तेव्हा १८९३ साली या दोघांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलाविले नाही, माझ्या प्रार्थनेचे दारही लावले नाही. पालकांचे म्हणणे, जिच्यावाचून मुलीला दुसरा आसरा नाही, तिचे उघडे दार हेही एक बोलावणेच. मला विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. रमाबाईंच्या करुणेविषयी शंका घेणे हे पाप होईल. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली आणि स्त्रिया गोळा करून केडगावला आणल्या, तेव्हा आपले मठ आणि संस्थाने कोठे होती हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा. आणि तरीही, जेथे अन्न देणारा हात आणि उपदेश देणारे मुख एकाच माणसाचे असते, तेथे ऐकणाऱ्याची ‘नको’ म्हणण्याची मोकळीक आक्रसते, ही गोष्ट खोटी ठरत नाही. म्हणूनच त्या गुरूने झोळी नाकारली असावी.

आता मनोरच्या पाड्यांकडे परत येऊ. कायद्याचे म्हणाल तर घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपल्या धर्माचा प्रसार करण्याची मुभा दिली आहे. आणि रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की प्रसार म्हणजे आपली तत्त्वे समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यातून निघत नाही. कायदा येथे थांबतो, आणि पाड्यावरचे दुःख येथून सुरू होते. प्रार्थनेला जाणारा मुलगा दारू सोडतो, ही चांगली गोष्ट असते. घरातील बाई डोळे पुसून तेवढ्यासाठीच त्या देवाला हात जोडते. परंतु तोच मुलगा हिरवा आणि हिमाय यांच्यापुढे उभा राहावयास नकार देतो, कणसरीच्या नावाने नव्या भाताचे बोलावणे आले तर जात नाही, लग्नात धवलेरी चौकापुढे गाऊ लागली की अंगणाबाहेर निघून जातो. म्हातारी आई पोराच्या दारात जाईनाशी होते. एका कुडाच्या दोन बाजूंना दोन चुली पेटतात. हे पाहून मला लक्ष्मीबाईंची निराळी चूल आठवते, पण तिच्यासाठी पाणी राखणारा कोणी येथे नसतो. आजार बरा होईल, एवढ्या आश्वासनावर कोणी घरचे देव विसर्जन करावयास लावीत असेल, तर त्याने गुरूची आज्ञा मोडली, असे मी त्याच्या तोंडावर सांगेन. आणि ते त्याच्याच ग्रंथाच्या आधारे सांगेन.

मात्र हे सांगण्यापूर्वी आपल्या घरांकडेही पाहिले पाहिजे. वारल्याच्या अंगणात आपण कधी गेलो? याच जिल्ह्यात जमीनदारांच्या शेतावर तो वेठबिगार होता. १९४५ साली गोदावरी परुळेकरांनी त्याला हाक घातली तेव्हा तो उभा राहिला, आणि ती हाक घालणारी बाई देवाधर्माच्या नावाने आलेली नव्हती. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गेल्या त्या मुलांसाठी. आपल्यापैकी किती घरांत वारली गड्याला आजही निराळ्या कपात चहा मिळतो, याची मोजदाद कोणी केलेली नाही. प्रत्येकाने आपल्या फळीवरचे कप पाहावेत. ज्याला आपण आपला म्हणून जवळ घेतले नाही, तो दुसऱ्याच्या ओट्यावर बसला म्हणजे मात्र तो ‘आमचा माणूस’ होतो, हे थोडे विचित्रच.

बोईसर-पालघरच्या दवाखान्यांतून केरळातून आलेल्या ख्रिस्ती परिचारिका आपण पाहतो. रात्रपाळीला कोणा म्हाताऱ्याची घाण काढताना त्या ख्रिस्ताचे नाव घेत नाहीत. गळ्यातील लहानसा क्रूस तेवढा दिसतो. म्हातारा सकाळी पांडुरंगाचे नाव घेत उठतो आणि तिला पोरी म्हणून हाक मारतो. तिला विचारले तर ती याला धर्मप्रसार म्हणणार नाही, काम म्हणेल. वसईच्या फूलवाल्याचेही तेच.

गेल्या चैत्रात आमच्याजवळच्या एका पाड्यावर लग्न होते. वधूचा थोरला भाऊ काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेला. तो चौकापुढे बसणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते आणि त्यावरून आधी बरीच बोलाचाली झाली होती. लग्नाच्या दिवशी धवलेरीचे गाणे सुरू झाले तेव्हा तो खरोखरच आत बसला नाही. परंतु तो निघूनही गेला नाही. चैत्रात पाड्यावरची विहीर तळाला गेलेली. पहाटेपासून दूरच्या बोअरवेलवरून हंडे भरभरून तो मांडवात पाणी आणीत होता, आणि पंगत उठल्यावर पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालावयासही तोच उभा होता. त्याची आई चौकापाशी बसली होती. दुपारी तिने त्याला हाक मारली आणि आपल्या शेजारी जेवावयास बसविले.